चार नंबरचे उंचवटे

“मॅडम, पेंग्विन तुमच्या कॅमेऱ्यावर शी करतात का?”

भरलेल्या सभागृहात, माईक हातात धरून मी हे विचारलं. पैज भोंग्यानं लावली होती. भोंगा म्हणजे माझी मैत्रीण. ती कानात कुजबुजली तरी चार रांगा पुढे ऐकू जातं, म्हणून भोंगा. “हिच्यात दम नाही,” ती म्हणाली, “पाणी प्यायला जाऊ का विचारतानासुद्धा घाम फुटतो हिला.” शेजारी लवंग बसली होती, दिसायला काडी आणि बोलायला तिखट. ती म्हणाली, “विचार गं, विचार. फार तर शाळेतून काढतील.”

गेल्या वर्षापर्यंत भोंग्याचं म्हणणं अगदी खरं होतं. पण या वर्षी माझं काय झालंय देव जाणे. उंची वाढली, तसा आवाजही वाढला, आणि जीभ तर दोन्हींच्याही पुढे गेली. मी उभी राहिले आणि विचारून मोकळी झाले.

हशाचा नुसता स्फोट झाला. मुलं बाकं बडवायला लागली. आमच्या विज्ञानाच्या बाईंनी कपाळाला हात लावला आणि ‘तू ये वर्गात, मग बघते’ अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं.

हसल्या नाहीत त्या फक्त व्यासपीठावरच्या पाहुण्या. त्या ध्रुवीय निरीक्षण केंद्रातून आल्या होत्या. बुटक्या, आणि नाकाचा शेंडा कधीतरी थंडीनं जळून काळपट झालेला. भाषण सुरू होऊन पाच मिनिटं झाली नव्हती, तोवर आम्ही त्यांचं नाव बर्फमॅडम ठेवूनही टाकलं होतं. त्यांनी पडद्यावरची चित्रं भराभर मागे नेली आणि एका चित्रावर थांबल्या.

“करतात,” त्या म्हणाल्या. “ही बघा.”

अर्धा समुद्र, अर्धा बर्फ, आणि मधोमध एक भलामोठा गुलाबी ओघळ.

“ईईईई!” सगळं सभागृह एका सुरात.

“गुलाबी, कारण खाणं तसं. कोळंबीसारखे लालसर बारीक जीव खातात. घरटं जर कॅमेऱ्याच्या वरच्या अंगाला असेल तर शेपटी उचलून अशी पिचकारी येते की विचारू नका. काचेवर बसली की पुढचं वादळ येऊन धुऊन नेईपर्यंत सगळे फोटो असेच. पुसायला तिथं कोण आहे?”

पुसायला तिथं कोण आहे! हे वाक्य माझ्या डोक्यात जाऊन जे बसलं ते बसलंच.

मग त्यांनी सगळं सांगितलं. दक्षिण ध्रुवाकडच्या किनाऱ्यावर एक लोखंडी तिपाई, पायांशी दगडांच्या पिशव्या, वर एक डबा. डब्यात कॅमेरा आणि बॅटरी, शेजारी उन्हावर चालणारं पॅनल. तासाला एक फोटो काढायचा आणि त्याची छोटी प्रत उपग्रहाकडे फेकायची, एवढंच त्या डब्याचं आयुष्य. माणूस दिसणार वर्षातून एकदा, जहाज जाईल तेव्हा. असे कितीतरी डबे तिथे एकेकटे उभे आहेत.

“आणि फोटोंतले पक्षी मोजायला माणसं लागतात,” त्या म्हणाल्या. “पक्षी कुठला आणि दगड कुठला, हे संगणकाला अजून नीट कळत नाही. शनिवारी दुपारी केंद्रात येऊन कोण मोजेल?”

मघाशी बाकं बडवणारे हात एकाएकी मांड्यांखाली गेले. माईक अजून माझ्याकडेच होता.

“मी,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून शाळेत माझं नाव शीशास्त्रज्ञ पडलं. पडू दे. त्यांच्यापैकी कुणाच्या नावात शास्त्रज्ञ आहे?

घरी मात्र माईक नव्हता. माझी आई गणिताच्या शिकवण्या घेते. संध्याकाळी आमच्या दाराशी चपलांचा ढीग पडतो आणि बाहेरच्या खोलीत फळ्याशी आई उभी असते. बाबा दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवतात. त्यांचं टेबल मागच्या खोलीत आहे, आणि त्यावर कायम कुणाचे ना कुणाचे दात हसत बसलेले असतात. पाहुणे दचकतात. आम्ही त्या दातांशेजारी कप ठेवून चहा पितो.

“शनिवारी?” आई म्हणाली. “पुढच्या सत्रापासून शनिवारी दुपारी तुला जादा क्लास लावायचाय. परीक्षेचं वर्ष आहे, लक्षात आहे ना?”

“सत्र सुरू होईपर्यंत तर जाऊ दे!”

“पण पक्षी मोजून होणार काय?” बाबांनी एका कवळीवरून कानस फिरवत विचारलं. “माझ्या हातून एक दात वाकडा झाला तर पेशंट डॉक्टरांच्या नावानं ओरडतो, डॉक्टर माझ्या नावानं. तुझा एखादा पेंग्विन राहिला तर तो काय तक्रार घेऊन येणार आहे?”

“येणार नाही, म्हणून तर नीट मोजायचे.”

बाबा हसले. ते हसले की आई निम्मी हरते. तिनं सत्र सुरू होईपर्यंतची परवानगी दिली, तीही फळ्यावर लिहून ठेवावी अशा आवाजात.

केंद्र म्हणजे अंधाऱ्या दालनात निळे निळे पडदे, असं काय काय मी मनात रंगवलं होतं. प्रत्यक्षात ती टपाल कचेरीच्या वरची, तिसऱ्या मजल्यावरची एक खोली निघाली, आणि खोली कसली, भट्टी. एका ओळीत संगणक, त्यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे आडोसे, आणि कोपऱ्यातल्या खुंट्यांवर जाडजूड नारिंगी कोट, डांबरगोळ्यांच्या वासाचे. पंखा त्या कोटांकडे तोंड करून फिरायचा. घाम आम्हाला, वारा त्यांना.

दाराजवळ बॅटरीकाका बसायचे. दूरवरच्या डब्यांत किती वीज उरली आहे, याच्यावर दिवसभर डोळा ठेवणं हे त्यांचं काम. आपण आत गेलं की ते ‘ये, बस’ म्हणत नसत. म्हणत, “आज सहा नंबर उपाशी आहे गं.” म्हणजे तिकडे ऊन पडलेलं नाही.

मोजणी चालवायचे सर. उंच, हळू बोलणारे, चुकूनही आवाज न चढवणारे. अशा माणसाशी भांडायचं म्हणजे मोठी पंचाईत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नियम सांगितले.

“एकेक फोटो पाच जण बघतात. पक्षी दिसला की त्याच्यावर टिचकी मारायची. तिघांची टिचकी पडली की तो पक्षी धरायचा. एकही नसला तर ‘रिकामा’ हे बटण दाबायचं. फोटो सरमिसळ करून येतील. मागचा-पुढचा बघायचा नाही. शेजाऱ्याशी बोलायचं नाही.”

“का?”

“एकानं ढगात हत्ती आहे म्हटलं की सगळ्यांना हत्ती दिसतो ना? तसं. एका फोटोत पक्षी पाहिला की पुढच्या फोटोत नसला तरी दिसतो. ज्यानं फोटो क्रमानं पाहिले, त्याला त्या हंगामात मी पुन्हा मोजणीला बसवत नाही. नजर बिघडली म्हणून समजायचं.”

मला ते पटलं. मनापासून पटलं, हे आधीच सांगते. नाहीतर तुम्हाला वाटेल मला नियमांचंच वावडं आहे.

पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा असायचा. त्याचं नाव जुळणी. तुमचं मोजणं बाकी चौघांशी किती जुळतं ते त्यात दिसतं. हिरवा म्हणजे उत्तम, मग पिवळा, आणि लाल झाला की खुर्ची सोडायची.

पहिले काही शनिवार मी हिरवीगार होते. आणि काय काय बघितलं म्हणून सांगू! पेंग्विन घरटं दगडांचं करतात, आणि शेजाऱ्याचे दगड बिनदिक्कत चोरतात. एका फोटोत एक जण मान खाली घालून, चोचीत दगड धरून निघाला होता, अगदी आमच्या वर्गात दुसऱ्याचं खोडरबर ढापून निघतात तसा. मालक पाठमोरा. चोर सापडला का? कळायला मार्ग नाही. पुढचा फोटो बघायचा नाही ना!

“ही कसली मालिका?” भोंगा म्हणाली. “हिला पुढचा भागच नाही!”

मग वादळाचे फोटो आले.

चार नंबरचा कॅमेरा एका उताराकडे बघतो. वादळाआधी तो उतार बाजार भरल्यासारखा गजबजलेला असायचा. वादळानंतरच्या फोटोत नुसतं पांढरं होतं. पांढरं आणि त्यात उंचवटे, दगडांवर बर्फ साचल्यावर दिसतात तसे. आडोशांपलीकडून टक्, टक् असे आवाज येत होते. सगळे ‘रिकामा’ दाबत होते.

माझंही बोट त्या बटणावर गेलं. आणि तिथेच थांबलं. काहीतरी खटकत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मी फोटोकडे बघत राहिले, आणि एकदम मला आमचं पटांगण दिसलं. सकाळी रांगा लावताना पीटीचे सर ओरडतात, “एक हात अंतर!” मग आम्ही पुढचीच्या खांद्याकडे हात लांब करतो आणि मागे सरकतो. गच्चीवरून पाहिलं तर रांगा वाकड्यातिकड्या दिसतात, पण दोन डोक्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं.

हे उंचवटे तसेच होते! घरट्यावर बसलेला पेंग्विन शेजाऱ्याच्या चोचीच्या टप्प्यापासून जरा लांब बसतो, हे बर्फमॅडमनी शाळेतच सांगितलं होतं. दगड कशाला अंतर ठेवतील? दगडाला कोण टोचतंय?

मी एकेका उंचवट्यावर टिचकी मारत सुटले. पुढे तसा फोटो आला, त्यातही मारल्या. त्याच्या पुढच्यातही. कोपऱ्यातला आकडा पिवळा झाला. मी थांबले नाही. लाल झाला, आणि पडदाभर पाटी आली, ‘आपली मोजणी थांबवण्यात आली आहे. कृपया सरांना भेटा.’

“सर, ते पक्षी आहेत,” मी म्हणाले. “बर्फाखाली.”

“तुला दिसले?”

“अंतर दिसलं.”

“म्हणजे पक्षी दिसला नाही.” त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू. “दिसतं ते मोजायचं. असावं असं वाटतं ते नाही. बाकी चौघं म्हणतात रिकामा.”

“चौघं चुकले असतील.”

“असतील. पण चौघं चुकण्यापेक्षा एकटी चुकण्याची शक्यता जास्त. आई गणित शिकवते ना तुझी? तिला विचार.”

असा राग आला! आईला मध्ये कशाला आणायचं?

“मग पुढचे फोटो बघा ना, सर. बर्फ वितळल्यावर कळेलच की.”

“चार नंबरचे पुढचे फोटो आता मोजणीला येत नाहीत. लागोपाठ इतके फोटो रिकामे ठरले की संगणक त्या कॅमेऱ्याचे फोटो वाटणं थांबवतो. नाहीतर पाच पाच माणसं दिवसभर बर्फच बघत बसतील. ते नुसते साठवणीत जातात.”

“आणि तिथं कुणी उघडत नाही?”

“रिकामी जागा उघडून काय बघायचं? पक्षी ती जागा सोडून गेलेत. जहाज निघतंच आहे, या फेरीत ती तिपाई उचलून दुसरीकडे लावायची ठरलंय.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. म्हणजे सगळे रिकामी म्हणाले म्हणून कुणी बघणार नाही, आणि कुणी बघणार नाही म्हणून ती कायमची रिकामी. वर तिपाईही उचलणार. तिकडे तो डबा बिचारा तासातासाला फोटो पाठवतोय, आणि इकडे कुणाला पाकीट फोडायला वेळ नाही!

सर वाईट वागले असं मी मुळीच म्हणणार नाही. “पुढच्या शनिवारी ये,” ते म्हणाले. “हेच फोटो पुन्हा देतो. दिसतं तेवढंच मोज. जुळणी सुधारली की खुर्ची तुझी. चांगली नजर आहे तुझी, मला ती घालवायची नाही.”

घरी पोचले तर माझ्याआधी जुळणीचा निरोप आईच्या फोनवर पोचलेला.

“एक्केचाळीस टक्के?” आई खडू हातात धरून दारातच उभी होती. “या घरात एक्केचाळीस?” शिकवणीच्या सगळ्या माना वर झाल्या. “तुम्ही समीकरणं सोडवा रे!”

“आई, ते मार्क नाहीत.”

“टक्के म्हणजे मार्कच. चौघांचं उत्तर एक आणि तुझं भलतंच, तर काय करतात? आपलं पुन्हा तपासतात.”

“तपासलं. तेच आलं.”

“मग पद्धत चुकली.”

“तुझ्या शिकवणीत सगळ्यांनी मिळून एकच चूक केली, तर ते उत्तर बरोबर धरतेस?”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. आईचे कान लाल झाले. “बघितलंत?” ती बाबांना म्हणाली. “त्या बर्फात जाऊन जाऊन उद्धट झालीय नुसती.”

“वितळेल,” बाबा म्हणाले.

“मी नाही वितळणार,” असं म्हणून मी आत गेले. दार आपटलं नाही. आपटावंसं फार वाटत होतं, पण टेबलावर ओल्या कवळ्या होत्या.

मैत्रिणींनी तरी साथ द्यावी? भोंगा मधल्या सुट्टीत सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी म्हणाली, “अगं वेडाबाई, त्यांना रिकामा पाहिजे तर दाब की रिकामा! तुझ्या काकाचे पेंग्विन आहेत का ते?”

“आणि खाली जिवंत असले तर?”

“असले तर असले,” लवंग म्हणाली. “तू टिचकी मारलीस म्हणून त्यांची थंडी जाणार आहे?”

हे मात्र झोंबलं, कारण ते खरं होतं. मी म्हणाले, “नाही जाणार. पण मला ते आहेत असं वाटत असताना मी नाहीत म्हणून सांगायचं, हे मला जमणार नाही.”

भोंग्यानं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

शनिवारी मी गेले. बर्फमॅडम बंदरावर, जहाजाच्या तयारीत. सर माझ्या मागे उभे. पडद्यावर तोच पांढरा उतार.

मी खरंच नव्यानं बघितलं. हट्ट म्हणून नाही. डोळे बारीक करून बघितलं, तोंड वाकडं करून बघितलं, हे दगडच आहेत असं मनाला बजावून बघितलं. अंतर तेच. एक हात, एक हात, एक हात. मी टिचकी मारली. मग दुसरी. आकडा लाल व्हायला वेळ लागला नाही.

“ठरवूनच आली होतीस,” सर म्हणाले.

“नाही सर. इथं बसल्यावर ठरलं.”

सरांनी सुस्कारा सोडला. “बरं. असं करू. चार नंबर सोडून दे. बाकीचे कॅमेरे मोज. तुझी जुळणी मी पुसून टाकतो, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. काय?”

आता खोटं कशाला बोलू, मला ती खुर्ची हवी होती. तिचं एक चाक कुरकुरायचं, तेसुद्धा मला आवडायला लागलं होतं. दगड चोरणारे, पोटावर घसरणारे, शेजाऱ्याशी कचाकचा भांडणारे ते सगळे मला दर शनिवारी हवे होते. ‘हो’ एवढंच म्हणायचं होतं.

मी उठले. खुर्ची मागे ढकलली, ती कुरकुरत थेट त्या नारिंगी कोटांना जाऊन धडकली. आडोशांवरून चार डोकी वर आली.

“मला मोजणीतून उठवा, सर.”

“अगं...”

“उठवा. मोजणाऱ्यानं फोटो क्रमानं बघायचे नाहीत ना? मी मोजणारी नसले तर मला बघता येतील. चार नंबरचे, वादळापासून आजपर्यंतचे. साठवणीतले.”

बॅटरीकाकांच्या तोंडातला चहा उडाला.

“कळतंय ना तुला?” सर म्हणाले. “एकदा पाहिलेस की या हंगामात परत ही खुर्ची नाही. मी नियम मोडणार नाही.”

“मोडू नका. मीही मोडत नाहीये.”

सर बॅटरीकाकांकडे वळले, “जहाज कधी?”

“परवा.”

“लावा फोटो. आणि बाकीचे सगळे बाहेर जा. तुमची नजर मला हवी आहे.”

चौघं बाहेर गेले. म्हणजे दाराला कान लावून उभे राहिले. बॅटरीकाकांच्या मोठ्या पडद्यावर चार नंबर सुरू झाला.

वादळ. काहीच दिसत नाही. मग पांढरं. उंचवटे. तासाला एक फोटो. तिकडे या दिवसांत सूर्य मावळतच नाही, त्यामुळे उंचवट्यांच्या सावल्या गोल गोल फिरत होत्या, घड्याळाच्या काट्यासारख्या. बाकी काहीही हलत नव्हतं. पुढचा. पुढचा. एवढा मोठा तमाशा केला आणि खाली निघाले दगड, तर? भोंगा तर सोडाच, आई मला जन्मभर एक्केचाळीस म्हणून हाक मारेल.

“अजून बघायचे?” बॅटरीकाकांनी विचारलं.

“अजून,” मी म्हणाले.

उतारावर लख्ख ऊन आलं. उंचवटे बसके व्हायला लागले. आणि एका उंचवट्याला चीर गेली.

“थांबा! पुढचा लावा! नाही, थांबा! लावा!”

“एक काय ते ठरव,” बॅटरीकाका पुटपुटले.

पुढच्या फोटोत त्या चिरेतून एक काळं डोकं बाहेर आलेलं होतं. त्याच्या पुढच्यात तो उभा होता, पाठीवर बर्फाची गोधडी तशीच. त्याच्या पुढच्यात पुन्हा खाली बसला होता, अंड्यांवर. मग शेजारचा. मग वरच्या रांगेतले. फोटोमागून फोटो, सगळ्या उतारावर डोकी उगवत गेली. मी किंचाळले, नाचले, आणि जवळ दुसरं कुणी नव्हतं म्हणून एका नारिंगी कोटालाच मिठी मारली. दाराबाहेरून टाळ्या ऐकू आल्या.

सर पडद्याजवळ गेले आणि बोट ठेवून म्हणाले, “हा दगड आहे. हाही. आणि हा तिसरा. तिन्हींवर तू टिचकी मारली होतीस.”

बघितलं तर खरंच. बर्फ उतरल्यावर तिन्ही काळेकुळकुळीत दगड.

“ते चुकले,” मी म्हणाले. “तीन चुकले, धरा माझ्या नावावर. पण जागा रिकामी नाही.”

“नाही,” सर म्हणाले. “रिकामी नाही.”

एक उंचवटा मात्र सपाट होईपर्यंत हलला नाही. बर्फ गेला तेव्हा तिथं काळं-पांढरं काहीतरी आडवं पडलेलं होतं. बॅटरीकाकांनी पुढचा फोटो लावला नाही.

“हाही मोजायचा,” सर म्हणाले, आणि त्यांनी स्वतः त्याच्यावर टिचकी मारली.

मग त्यांनी बंदरावर फोन लावला. “चार नंबरची तिपाई हलवू नका. हो. आहेत. सगळे तिथंच बसलेत. आम्हीच त्यांना घालवून दिलं होतं.” पलीकडून बर्फमॅडम इतक्या मोठ्यानं काहीतरी म्हणाल्या की सरांनी फोन कानापासून लांब धरला.

फोन ठेवल्यावर ते बॅटरीकाकांना म्हणाले, “आणखी किती जागा आपण अशा बंद करून ठेवल्यात?”

बॅटरीकाकांनी पडदा बदलला. बऱ्याच होत्या. काही गेल्या हंगामातल्या, काही त्याच्या आधीच्या.

“ते कोण बघतं?” मी विचारलं.

“ते काम कुणाचंच नाही,” सर म्हणाले.

“मग माझं. मला आता खुर्ची तर नाहीच. मी उभी राहून बघेन. दर शनिवारी.”

सर पहिल्यांदाच हसले. “घरी विचारून ये.”

घरी आईनं मला बघितल्या बघितल्या ओळखलं. “उठवलं ना? जाऊ दे, वाईट वाटून घेऊ नकोस. एका अर्थी बरंच झालं. पुढच्या शनिवारपासून क्लास सुरू होतोय, मी आत्ताच बोलून घेतलंय त्यांच्याशी.” तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि खरं सांगते, ती रागावली असती तर सोपं गेलं असतं. बाबा हात पुसत मागच्या खोलीतून आले. “काय म्हणतायत तुझे पेंग्विन?”

शिकवणीची मुलं अजून यायची होती. सरांनी विचारून यायला सांगितलं होतं. मी दोघांच्या समोर, फळ्याला पाठ लावून उभी राहिले.

“आई, बाबा, मध्ये बोलू नका. मला मोजणीतून उठवलं नाही, मी उठले. माझं बरोबर होतं, तीन दगड सोडून. आता दुसरं. शनिवारच्या क्लासला मी जाणार नाही. गणित मी आईकडे शिकेन, रोज, इथं सतरंजीवर, सगळ्यांच्या रांगेत बसून, आणि आईनं मला सगळ्यांसारखंच ओरडायचं. मार्क कमी पडले तर माझे पडतील आणि बोलणीही मीच खाईन. पण शनिवारी दुपारी मी केंद्रात असणार, आणि जिथं जिथं कुणीच नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलंय, त्यातली एकेक जागा मी उघडून बघणार. सरांनी विचारून ये म्हटलं होतं. मी विचारत नाहीये. मी सांगतेय.”